घरात कोणी आहे का?

सकाळपासून शशिकांतने तीनदा दार उघडून जिन्यात डोकावून पाहिलं. भिंतीवरच्या ओलीच्या डागावर कॅलेंडर टांगलं, मग तेही सरळ केलं. जुने हप्ते थकवल्यामुळे तीन बँकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. शेवटी एक पतसंस्था राहतं घर तारण घेऊन कर्ज द्यायला तयार झाली. आज त्यांचा माणूस घराची किंमत ठरवायला येणार होता. लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत सोमवारी संपत होती.

"अहो, बसा की जरा," बायको कुकर लावता लावता म्हणाली. "येरझाऱ्या घालून तो लवकर येणार आहे का?"

"आणि आलाच नाही तर?"

तेवढ्यात बेल वाजली.

बायकोने झटकन गॅस बंद केला. लेकीने टीव्हीचा आवाज बंद केला. शशिकांत जागच्या जागी थिजला. वसुलीवाले येत त्या दोन वर्षांत तिघांनी रोज हेच केलं होतं. बेल पुन्हा वाजली. कुणी हूं की चूं केलं नाही. मग बुटांचा आवाज जिना उतरू लागला.

बायकोने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच तोंडावर हात नेला. "अगं बाई! अहो, तो आपलाच माणूस होता!"

शशिकांत अनवाणीच धावला. ज्या जिन्यात त्याने आजवर मान वर केली नव्हती, तिथे कठड्यावरून वाकून तो सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडला, "साहेब, परत या! आम्ही घरात आहोत! घरातच आहोत आम्ही!"