नावाची चौकट

रत्नाकरकाकांनी पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं बोर्डावर ड्रॉइंगं काढली. १९९६ साली त्याच कारखान्यात लागलेल्या पुतण्या सुश्रुतने ती सगळी कॉम्प्युटरवर चढवली. प्रिंट आले, तर कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीत सगळीकडे 'सुश्रुत'.

"अरे, माझं नाव?"

"काका, ते मशीन आपोआप टाकतं. अब मैं क्या करूँ?"

नदीकाठी ब्रह्मा घाटावर काका भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरगा हुशार आहे हो, मशीनच अडाणी."

काकांच्या निवृत्तीला महिना उरला असताना सुश्रुतने डिझाइन केलेला नवा पंप चाचणीतच फुटला. चौकशीत साहेबांनी त्याचं ड्रॉइंग काकांपुढे सरकवलं. काका ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.



चौकटीत या खेपेला मशीनने आपोआप काकांचं नाव टाकलं होतं.