पेला धरा, दादा

पक्षाघातानं उजवा हात लुळा पडला तेव्हापासून आमचे हे रोज मोरीपाशी उभे राहून किटलीनं पेल्यात पाणी ओतायचे.

“अहो, डॉक्टरांनी चमचा धरायला सांगितलाय. हे काय नवीन काढलंत?” मी करवादायचे.

“चमचा डॉक्टरांचा. किटली माझी.”

मोठ्या दिरांच्या सत्तरीला सगळे आन्दोंगला जमलो. आमच्याकडे कोरियात मोठ्यांना द्यायचं-घ्यायचं ते दोन्ही हातांनी. मोठ्यांनी मात्र एकच हात पुढे करायचा. दीर तर असे कडक, की पुतण्यानं एका हातानं तांदळाची दारू ओतली म्हणून एकदा त्यांनी भर पंगतीत पेला पालथा घातला होता.

दिरांना दारू ओतायची यांची पाळी आली. दीर म्हणाले, “गी-तेक, तू आजारी आहेस. तुला एक हात चालेल.”

“मला सवलत नको. पेला धरा, दादा.”

यांनी डाव्या हातानं किटली उचलली. उजवा हात लटपटत वर आला, मागे गेला, पुन्हा वर आला आणि किटलीच्या बुडाशी टेकला. थोडी दारू दिरांच्या रेशमी बाहीवर सांडली.

मी घाबरून दिरांकडे पाहिलं.

त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला होता.