बाळसं

“गाल बघ कसे वर आलेत! छान बाळसं धरलंय हो आमच्या शार्दूलनं,” सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि आसावरीनं औषधाची रिकामी सिरिंज ओट्यावर आपटली.

गेले तीन आठवडे हे एकच कौतुक चाललं होतं. नातवाचं ऑपरेशन झालं म्हणून सासूबाई पुण्याहून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आल्या, बॅगा दारातच टाकल्या आणि पहिलं वाक्य हेच बोलल्या. खरं तर धडधाकट मुलाचंसुद्धा असं तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते, असं मानणारी ही बाई. आपल्या मुलाला, यतीनला, लहानपणी कुणी गुटगुटीत म्हटलं, तर घरी येऊन आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. आता मात्र उठता-बसता बाळसं, बाळसं. आसावरीला ते ऐकवत नसे.

बाळसं कसलं डोंबलाचं! शार्दूलच्या यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद होत्या. बर्मिंगहॅमला सर्जननं त्या काढून टाकल्या आणि आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडला. मग स्टिरॉइड सुरू झालं. त्यानं चेहरा सुजतो, भूक वाढते, हे नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं. आजचा डोस शेवटचा. गुरुवारी रक्त तपासायचं. पित्त वाहत असेल तर कावीळ उतरलेली दिसेल, नसेल तर पुढेमागे यकृतच बदलावं लागेल. “स्टिरॉइडनं फायदा होईलच, असं नाही सांगता येत,” सर्जनबाई म्हणाल्या होत्या. “ऑपरेशन थोडं आधी झालं असतं तर बरं होतं.” त्या सहज बोलून गेल्या. आसावरी महिनाभर तेवढंच वाक्य घेऊन जगत होती.

“अहो आई, पुरे करा आता!” ती ओरडली. “ते बाळसं नाहीये. स्टिरॉइडची सूज आहे ती. औषध थांबलं की गाल बसतील, मग काय म्हणणार तुम्ही?”

सुहासिनीबाईंनी मांडीवरच्या बाळाची टोपी सारखी केली. ते आसावरीला सोसवेना. इतके दिवस कुणालाच, अगदी यतीनलाही न सांगितलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

“हा महिन्याचा होता ना, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, शीचा रंग कसा आहे. मी म्हटलं, पिवळी आहे. खोटं बोलले मी. पांढरट होती, पित्त उतरत नसलं की होते तशी. तुम्ही रोज खोदून खोदून विचारायचात, मग माझ्या खाण्यापिण्यावर घसरायचात. नुसता वैताग आला होता मला. म्हटलं, बाळाला तपासायला घरी येते ती हेल्थ व्हिजिटर येईल तेव्हा तिलाच दाखवू. ती आली चार आठवड्यांनी. चार आठवडे, आई! माझ्यामुळे गेले ते.”

ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली. आता सासूबाई बोलतील, असं तिला वाटलं. बोलाव्यातच. कुणीतरी एकदा तिला धडधडीत दोष द्यावा, एवढंच तिला हवं होतं.

सुहासिनीबाई उठल्या. त्यांनी शार्दूलला तिच्या मांडीवर ठेवलं.

“तू पिवळी म्हणालीस, तेव्हा तुझ्या मागे त्याची उघडी नॅपी पडलेली होती,” त्या म्हणाल्या. “मला दिसली गं फोनवर, चुन्यासारखी पांढरी. पण सुनेला तोंडावर खोटं कसं पाडायचं, म्हणून मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवून दिला. आता त्याचे गाल बघून स्वतःलाच समजावते, बाळसं आहे म्हणून.”