कापलेले श्वास

दिघाशीच्या केसरीनाथकाकांनी लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरोनेट वाजवलं. त्यांच्या जुन्या कॅसेटवरून डीजे भाविकने शहरातल्या धामणकर नाक्यावरच्या स्टुडिओत हळदीच्या नाचासाठी रीमिक्स केलं, तेही त्यांना न विचारता. ठेका अडखळू नये म्हणून सुरांमधले काकांचे श्वास त्याने एकेक करून कापून टाकले.

सीडी गावोगाव वाजली. भाविकचं मन मात्र त्याला खात राहिलं. शेवटी एका सकाळी तो माफी मागायला गेला. अंगणातच क्लॅरोनेटचा सूर कानावर आला. श्वासासाठीसुद्धा तो सूर कुठेच तुटत नव्हता.

"काल दुपारपासून वाजवतायत," काकांची सून क्षितिजा म्हणाली. "जेवले न्हाय, पाणीपण न्हाय."

भाविकने काकांचे पाय धरले. "काका, चुकलो मी. थांबा आता."

काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे ओठ निळे पडले होते, डोळे विनवत होते, आणि सूर चालूच होता.