गिलक्यांसाठी खड्डा

दुसऱ्याचं बघून जळणं आमच्या रक्तातच नाही, अशी घोषणा पारोळ्याच्या आधारनानांनी स्टुलावर चढून, भिंतीपलीकडच्या इंदरचंदच्या परसात डोकावत केली. मागच्या उन्हाळ्यात नानांच्या पत्नी नर्मदाबाई जेवताना सहज बोलून गेल्या होत्या, “गिलकी खावीत तर इंदरभाऊंच्या वेलाचीच.” तेव्हापासून नानांना गिलक्याचा घास गोड लागला नव्हता.

यंदा थंडी ओसरताच इंदरचंदने वेलाच्या मांडवाला घेतात तसे चार कोपऱ्यांना चार खड्डे घेतले, कंबरभर खोल. नानांनी त्याच दुपारी कुदळ काढली आणि छातीभर खोल जायचं ठरवलं.

“वेलले इतला खोल खड्डा कसाले?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“तुले काय समजस? मुळं खाले जावाले पाहिजेत!”

तिसऱ्या दिवशी भिंतीवर इंदरचंदचं डोकं उगवलं. “नाना, तुम्हीपण गाडी घेतली? बोलला नाहीत! पण शेडच्या खांबाला एवढं खोल लागत नाही. मी कंबरभरच घेतलंय.”

ईर्षेच्या भरात छातीभर खड्डा गळ्यापर्यंत गेला होता. नानांचं तेवढं तोंड बाहेर होतं. “शेड? मग तुझी गिलकी?”

“यंदा कुठली गिलकी? जागा सगळी गाडीला गेली. आता तुमच्याच वेलाची खाऊ.”

नानांनी एकदा दारात पदर तोंडाला लावून उभ्या नर्मदाबाईंकडे पाहिलं, एकदा खड्ड्याच्या काठाकडे.

“खाशील रे,” ते म्हणाले. “आधी इकडे येऊन जरा हात दे.”