शाता आहे ना?

"मम्मी, दादीच्या तोंडातून पाणी सांडतंय," असं सांगत चार वर्षांची विधी आली, तेव्हा पलकनं तिला दटावलं होतं. "सांडू दे. दादीचा सलग सहावा उपास आहे. त्रास देऊ नकोस."

आता धुळ्याच्या हॉस्पिटलात, इमर्जन्सीच्या दारात, डॉक्टर तिसऱ्यांदा तेच विचारत होते.

"या शेवटी कधी नीट होत्या? साडेचार तासांच्या आत मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. वेळच माहीत नसेल, तर नाही देता येत."

स्ट्रेचरवर पलकच्या सासूबाई, पानबाई. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा. पारोळ्याहून दोन गाड्या भरून नऊ माणसं आली होती आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

"एक वाजता मी शाता विचारली," नणंद कोकिळा म्हणाली. "'शाता' म्हणाली मम्मी."

"मी दीडला विचारली. मान हलवली की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"शाता म्हणजे?" डॉक्टर वैतागले.

"बरं वाटतंय ना, असं. उपास करणाऱ्याला विचारतात आमच्यात. तेही शाताच म्हणतात," कोकिळा म्हणाली.

"आणि चेहरा? कुणी पाहिला?"

कोण पाहणार? बारानंतर पानबाई मुहपत्ती बांधून सामायिकाला, ध्यानाला बसल्या होत्या. तोंडावर पांढरं कापड, समोर हात जोडून शाता विचारणाऱ्यांची रीघ. दोन वाजता कापड सोडलं, तेव्हा कुठे पलकला वाकडं तोंड दिसलं. त्यावरही घरात अर्धा तास खल. दवाखान्यात सलाईन लावतील, नियम मोडेल. अशक्तपणा आहे, बिनणी, पारणं झालं की जाईल.

बिनणी म्हणून सुनेला हे सांगणारे सासरे सुरेशचंद आता पुढं झाले. "दोनलाच झालं, डॉक्टरसाहेब. लगेच आणलं आम्ही."

"नक्की? वेळ चुकीची सांगाल, तर इंजेक्शननं डोक्यात रक्तस्राव होईल."



"नाही, पप्पाजी," पलक म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिनं तो खाली आणला नाही. "बाराला पाणी सांडत होतं. विधीनं मला सांगितलं, मीच तिला हाकललं. पावणेबाराला मम्मीजी ठीक होत्या. मी स्तवनात शब्द गाळला, तो त्यांनी मला म्हणून दाखवला. अगदी स्पष्ट."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. "तास आहे हातात. सीटी स्कॅनला घ्या! बाकीचे बाहेर."

दार लागलं. नऊ माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी कुणाकडे बघेना.

पलकच्या हातातला फोन थरथरत होता. परिवाराच्या ग्रुपवर जळगाव, धरणगाव, सुरत, सगळीकडून एकच प्रश्न आणि जोडलेले हात. पानबाईंना शाता? शाता आहे ना? शाता?

तिनं लिहायला घेतलं. पुसलं, पुन्हा लिहिलं.

"हे वाचताय, तर आधी उठा. तुमच्या घरात जे कुणी 'बरं आहे' म्हणून बसलंय, त्याच्यासमोर जाऊन बसा. विचारू नका. हसायला सांगा, आणि तोंडाकडे बघा."