मिठातला बुडबुडा

माझा मुलगा रितेश जर्मनीत जमिनीखालच्या मिठाच्या थरात पोकळ्या करतो. पवनचक्क्यांच्या विजेपासून बनवलेला हायड्रोजन त्या पोकळ्यांत साठवतात. तिथला काचेसारखा मिठाचा खडा त्यानं मला बुऱ्हाणपूरला पाठवला. मीठ काय भेट द्यायची वस्तू आहे?

खड्यात कुठल्याशा जुन्या समुद्राचं थेंबभर पाणी आहे आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. टेबलाशी मी ज्या बाजूला बसेन, त्या बाजूला तो सरकायचा. खुर्ची बदलली की तोही वळायचा. मी एकटीच राहते; घरात कुणीतरी माझ्याकडे बघतंय, एवढ्यावरच मी त्याच्यासमोर जेवू लागले.

आज दुपारी व्हिडिओ कॉलवर रितेशला हे सांगितलं. तो हसला. "मम्मी, बुडबुडा वरच जाणार ना! सिंपल बात है."

"थांब, दाखवते." मी बसल्या जागेवरून फोन खड्यावर धरला.

बुडबुडा माझ्याकडे नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे होता. मग तो हलला.

"अरे, खरंच फिरतोय! मम्मी, तू चालतेयस का?"

"नाही रे," मी म्हणाले. "मी बसलेय."

तोवर बुडबुडा कडेकडेनं सरकत माझ्या खुर्चीच्या बाजूला येऊन थांबला होता.